पायऱ्यांची विहीर

ट्रेनिंग कॉलेजात आरोग्यशास्त्राच्या तासाला बाईंनी फळ्यावर दोऱ्यासारखा एक किडा काढला आणि विचारलं, "हा कुणी पाहिलाय?" वर्गात बहुतेक पुण्याच्या मुली. कुणीच हात वर केला नाही. मी उठले, लुगड्याचा काठ घोट्याच्या वर घेतला आणि पायावरचा व्रण दाखवला. शेजारची मुलगी पुटपुटली, "शी, खाली घे ना." मी घेतला नाही. तो किडा माझ्या पायातून निघाला होता.

किन्हवलीच्या बाजूला आमच्या गावी नारू दर उन्हाळ्यात यायचा. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि आतून पांढरा किडा डोकावायचा. त्याचं टोक काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरूण धरायचा. आई म्हणायची, विहिरीतल्या आसरा, पाण्याच्या देवी, कोपल्या. बाईंनी सांगितलं ते वेगळंच होतं. असा पाय पाण्यात बुडला की किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, ते पाणी माणूस पितो आणि वर्षभराने त्याच्याही पायातून नारू निघतो. पाय पाण्याबाहेर ठेवा, पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, झालं. मला आनंद झाला नाही, राग आला. आईने आसरांना किती कोंबड्या दिल्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत कुणी येऊन फडक्याचं सांगितलं नव्हतं.

मुरबाड तालुक्यातल्या एका गावी मला शाळा मिळाली. निघताना बाबा म्हणाले, "पोरांना शिकव. गावाच्या भानगडीत पडू नको गो." मी आरोग्यशास्त्राची वही पिशवीत टाकली.

त्या गावची विहीर पायऱ्यांची. माणसं खाली उतरून गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि हंडे भरायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायका लांब उभ्या राहून कुणी वरून पाणी ओततंय का याची वाट बघायच्या. मी पोरांना नारूचं सगळं समजावलं. पोरं घरी बोलली आणि मार खाऊन आली. मग मीच दोर आणि बादली घेऊन सकाळी वरच्या पायरीवर बसायला लागले. पायाला चिंधी बांधलेली असेल त्याला म्हणायचे, "इथंच थांबा, मी काढून देते." आयतं पाणी मिळायचं म्हणून लोक थांबायचे.

एके सकाळी पाटील स्वतः आले. पोटरीला फडकं गुंडाळलेलं.

"बाजूला व्हा, मास्तरीणबाई."

"नारू आहे ना? पाय पाण्यात घालू नका. मी देते काढून."

"ही इहीर माज्या आज्यानं बांदली हाय."

"मग तुम्ही तरी ती नासवू नका."

पाण्यात उभ्या बायका हंडे बुडवता बुडवता थांबल्या. पाटील लंगडत माघारी गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर आलं नाही. मी घंटा दिली, वाट पाहिली, मग फळा काखेत मारून वस्तीत गेले.

वस्तीतल्या एका बाईने मला अंगणात बसवलं. नवरा वारलेला, दुसऱ्याच्या शेतावर राबून घर चालवणारी. सगळं ऐकून ती म्हणाली, "गालून पिऊ आमी. पन फडकं कुटून आनाचा?" दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, धड कापड मिळत नव्हतं. मी माझं जुनं लुगडं फाडून घरोघर वाटलं आणि शाळा तिच्या अंगणातच भरवली. गावात बोभाटा झाला, मास्तरीण बाटली. मी राहत होते त्या घरच्यांनी माझी वळकटी ओट्यावर आणून ठेवली. मी शाळेतच राहायला गेले.

तालुक्याहून शाळा तपासणारे साहेब आले. म्हणाले, "तुमचं काम अक्षरं शिकवायचं."

"कॉलेजात मला हे शिकवलं, त्याची परीक्षा घेतली. आता ते विसरा म्हणता?"

साहेब चहा पिऊन निघून गेले. बदलीचा हुकूम येईल असं वाटलं होतं, तो आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावात घरोघर माणसं पाय धरून बसली होती. वस्तीत मात्र नारू जवळजवळ नव्हता. एका दुपारी पाटलीणबाई मागच्या दाराने शाळेत आल्या. "फडकं किती पदरी घ्याचा?" त्यांनी हळूच विचारलं. त्यानंतर वर्षाच्या आत गावाने पायऱ्या दगडांनी बुजवल्या आणि विहिरीवर रहाट बसवला.

पण वस्तीने दोराला हात लावायचा नाही, असं ठरलं. जिच्या अंगणात शाळा भरायची त्या बाईला मी जाऊन सांगितलं, "मी येते तुझ्याबरोबर रहाटावर. मात्र उद्या तुला कामावरून काढतील."

"काढू देत," ती म्हणाली. "दुसऱ्या गावात काय शेतं नाय? रोज कोनाच्या तोंडाकडं बघत उभं ऱ्हाचा?"

आम्ही दोघींनी मिळून दोर ओढला. भरलेला हंडा तिने सगळ्यांसमोर डोक्यावर घेतला. कुणीतरी दगड मारला, तो तिच्या खांद्याला लागला. ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी चौघी आल्या. गावातल्या काही घरांनी मग नदीचं पाणी भरायला सुरुवात केली. चैत्रात नदी आटली, तेव्हा ती घरंही मुकाट्याने रहाटावर आली.

तिला त्या गावात पुन्हा काम मिळालं नाही. ती रोज दोन गावं पलीकडे चालत जायची. पाटील शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पाणी मात्र त्यांच्या घरी गाळूनच प्यायचे.