हालू नका, डोंगरसिंग फोटो काढून राह्यला

डोंगरसिंग नायकानं आख्खा तांडा मुंबईला न्यायला बैल लादले होते, ही गोष्ट दारव्ह्याच्या बाजारात लोक तिखटमीठ लावून सांगायचे. आपण काही लावायचं नाही. जे झालं तेच एवढं होतं, की वरून लावायची गरज नाही.

छप्पन सालची दिवाळी तोंडावर आली होती. तांड्यातला लखीराम दारव्ह्याचा बाजार करून आला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच म्हणाला, "नायक, एक तारखेपासून आपला जिल्हा मध्यप्रदेशातून काढला. मुंबई राज्याले जोडला. कचेरीवर कागद लागला."

दुसरं कोणी असतं तर "बरं" म्हणून कापूस वेचायला गेलं असतं. पण ही बंजारा माणसं. यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून, म्हणजे लदेनी करून, मुलूखच्या मुलूख पालथा घातलेला. डोंगरसिंगच्या बापानं दारव्ह्यापासून दोन कोसांवर, यवतमाळच्या सडकेला जमीन धरली तेव्हा कुठं तांडा बसला. पण बैलांच्या पाठीवरच्या गोण्या, कवड्या आणि आरसे लावलेल्या, अजून घराघरात टांगलेल्या होत्या. तांड्याचा पुढारी म्हणून डोंगरसिंगनं डोकं चालवलं: जोडला म्हणजे जाऊन जोडावं लागंल. सरकार दांडके घेऊन येईल तेव्हा जाण्यापेक्षा आपणच इज्जतीनं निघावं.

तिसऱ्या दिवशी पहाटे साठ बैल लादून तांडा सडकेला लागला. पुढं डोंगरसिंग, हातात काठी, मिशीला पीळ. पाव कोस गेले नाहीत तोच समोरून सायकलवर विठ्ठलराव गुरुजी आले. शेजारच्या गावच्या शाळेचे हे मास्तर, तांड्यातली पोरंही त्यांच्याचकडं शिकायची.

"नायक, कुठं निघालात?"

"मुंबईले."

गुरुजी सायकलवरून उतरले. मग खाली बसले. "अहो, कागद गेला मुंबईला! जमीन कुठं जाते? तुम्ही इथंच आहात!"

सगळ्यात आधी हसली ती नायकाची बायको, सुखीबाई. आणि हसली ती कशी, डोक्यावरचं गाठोडं खाली टाकून, पोट धरून. डोंगरसिंगला बाजारातल्या हजार माणसांचं हसणं चाललं असतं, हे नाही चाललं.

त्या दिवशी त्यानं गोणी खुंटीला टांगली आणि शपथ घेतली. "आता हा तांडा इंचभर हालनार नाई. सरकारनं कुठंबी जोडू द्या. आन हालला नाई याचा पुरावा मी ठेवीन!"

पुरावा म्हणजे फोटो. दारव्ह्याला बबनरावांचा फोटो स्टुडिओ होता, म्हणजे एक खोली, एक पडदा आणि पडद्यावर रंगवलेला ताजमहाल. बबनरावांकडे एक जुना डबा कॅमेरा पडून होता. डोंगरसिंगनं दुधाची शेळी देऊन तो घेतला. बबनरावांनी तीन गोष्टी सांगितल्या. सूर्य पाठीशी ठेवायचा. बटन दाबताना कोणी हालायचं नाही. आणि रोलात आठ फोटो आहेत, आठ झाले की आणायचा, धुवून देतो. त्यांना वाटलं, दोन लग्नांत आठ संपतील. डोंगरसिंगनं ठरवलं, वर्षाला एक.

"शेळी रोज शेरभर दूध देत होती," सुखीबाई म्हणाली. "हा डबा काय देते?"

"आठ सालानं पाह्य."

"आठ साल मी काय बिनदुधाचा चहा पिऊ?" खरंच प्यावा लागला तिला. आणि प्रत्येक घोटाला तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

पहिला फोटो त्याच दिवाळीच्या पाडव्याला निघाला. सडकेच्या कडेला मैलाचा दगड होता, 'यवतमाळ २२ मैल' लिहिलेला. दगडाच्या एका बाजूला पांढरा बैल, त्याच्यापाशी फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी घातलेली, हातभर बांगड्या ल्यालेली सुखीबाई, आणि दुसऱ्या बाजूला सहा वर्षांची जमनी, एकुलती एक लेक. दगड जमनीच्या कानाला लागत होता. डोंगरसिंग ओरडला, "हालू नका!" आणि बटन दाबलं. मग ज्या जागी स्वतः उभा होता तिथं एक खुंटी ठोकली. दर पाडव्याला इथूनच, हेच, असंच.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? अहो, जगात जे उभं करावं ते पुढच्या पाडव्याला तसंच सापडलं तर ना!

दुसऱ्याच वर्षी जमनी दगडाच्या वर निघाली. डोंगरसिंगला हा दगाफटका वाटला. त्यानं तिला गुडघे वाकवायला लावले. तिसऱ्या वर्षी वाकूनही जमेना, तर त्यानं कुदळ आणली आणि तिच्या पायाखाली वीतभर खड्डा खणला. "उतर. हां. आता बरोबर लागला कानाले."

एकोणसाठ साली पांढरा बैल मेला. नायकानं तांबड्या बैलाला शिंगापासून खुरापर्यंत चुना फासला. तो बैल अंग झटकून झटकून सगळ्यांना पांढरं करून गेला. साठ साली जिल्हा मुंबई राज्यातूनही निघाला आणि महाराष्ट्रात आला. लखीराम सांगायला आला तर डोंगरसिंगनं कानात बोटं घातली. त्या पाडव्याला खड्डा गुडघाभर केला. एकसष्टला लखीरामची शेळी त्यात पडली. तांड्यात कोणी म्हणे नायकाला धन लागलं, कोणी म्हणे विहीर खणून राह्यला. बासष्ट साली तर कहर झाला. सडकेचे मजूर आले आणि दगडावरचं पुसून 'यवतमाळ ३५ कि.मी.' लिहून गेले.

डोंगरसिंग दगडासमोर मटकन बसला. "पाह्यलं? एक बैल लादला नाई, आन तेरा कोसानं लांब गेलो!"

कोस नाहीत, मैल नाहीत, हे वेगळं माप आहे, असं गुरुजींनी दोनदा सांगितलं. व्यर्थ. पाडव्याला नायकानं आपली पगडी सोडून दगडाला गुंडाळली. अंक झाकला गेला, दगड नवरदेव झाला, आणि नायक बोडक्या डोक्यानं ओरडला, "हालू नका!"

त्रेसष्टच्या पाडव्याला आठवा आणि शेवटचा फोटो निघाला. खड्डा कमरेपर्यंत गेला होता. सुखीबाईची फेटिया तीन जागी फाटलेली. एरवी ती केव्हाच लुगडं नेसायला लागली होती, वर्षातून एकदा जुना वेष चढवायची. न सांगता जमनी आपणच खड्ड्यात उतरली. डोंगरसिंगला ती शहाणी वाटली.

चौसष्टच्या जूनमध्ये सातवीचा निकाल लागला. जमनी पास झाली, केंद्रात तिसरी. विठ्ठलराव गुरुजी पेढे घेऊन स्वतः तांड्यात आले. यवतमाळला मास्तरणीच्या शिक्षणाची सोय होती, राहायला वसतिगृह होतं. अर्ज त्यांनी भरून आणला होता, फक्त बापाचा अंगठा पाहिजे होता.

"लहान हाय ते," डोंगरसिंग म्हणाला.

"चौदाची झाली, नायक."

"आमच्या इथं कोनी जात नाई. मी शपथ घेतली हाय. आन लहान हाय म्हंतो ना! छप्पन सालापासून हाय तशीच हाय. माह्यापाशी पुरावा हाय!"

जमनी दाराशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता. "बा, मले जायचं हाय."

गुरुजी वैतागले, आणि वैतागलेल्या माणसाला सुचतं तसं त्यांना सुचलं. "ठीक आहे. धुवून आणा तुमचा पुरावा. आठही फोटोंत पोरगी तशीच दिसली, तर हा अर्ज मी फाडतो. वेगळी दिसली, तर अंगठा लावायचा. कबूल?"

"कबूल!" डोंगरसिंग इतक्या जोरात म्हणाला, की सुखीबाईनं चुलीपुढं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी तो डबा धोतरात गुंडाळून दारव्ह्याला गेला. बबनराव रोल पाहून ओरडलेच. "आठ वर्षं? अहो, भाकर शिळी होते तशी फिल्मही होते!" पण धुतली. संध्याकाळी आठ फोटो दोरीवर ओळीनं वाळत घातले. धुरकट होते, पण होते.

डोंगरसिंग छाती फुगवून समोर उभा राहिला. दगड तिथंच होता. तांडा तिथंच होता. दगड जमनीच्या कानाला, आठही फोटोंत. "जितलो!" तो म्हणाला.

"थांबा," बबनराव म्हणाले. "हा म्हातारा कोण?"

"कोन म्हातारा?"

सूर्य पाठीशी ठेवल्यामुळं प्रत्येक फोटोत खाली फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. पहिल्या फोटोत ती ताठ होती. आठव्यात खांदे पडले होते, कंबर वाकली होती.

"मी," डोंगरसिंग म्हणाला. मग तो ओळीनं पाहू लागला, जसं त्यानं आठ वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. पहिल्या फोटोत सुखीबाई हसत होती, तेच ते हसणं. चौथ्यापासून तिनं तोंडावर पदर घेतला होता. तिचे समोरचे दोन दात पडले, हे त्याला माहीत होतं; ते कधी पडले हे माहीत नव्हतं. चौथ्यापासूनचा बैल तर पांढरा कुठला, नुसता उकिरड्यावर लोळल्यासारखा. आणि जमनी.

पहिल्या फोटोत जमनीचे पाय दिसत होते, चांदीच्या वाळ्यांसकट. तिसऱ्यात पावलं गेली. पाचव्यात गुडघे गेले. आठव्यात कमरेखाली पोरगी नव्हतीच. एक लांब चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची बाई मातीत अर्धी गाडलेली होती आणि सरळ त्याच्याकडं पाहत होती.

लेकरू गेलं की त्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. डोंगरसिंगनं जमनीच्या आधीची दोन अशी ठेवली होती, स्वतःच्या हातानं, ह्याच कुदळीनं. तो ताजमहालाच्या पडद्यापुढं बसला आणि हमसून हमसून रडला. बबनरावांनी बाहेरचं दार लोटून घेतलं.

"आपल्या हातानं गाडून राह्यलतो, भाऊ," तो म्हणाला. "दर सालाले थोडी थोडी."

बबनरावांनी एक कोरा रोल काढला आणि डब्यात घालून दिला. शेळी मागितली नाही.

डोंगरसिंग तांड्यात पोचला तो घरात गेलाच नाही. सडकेवर गेला, फावडं घेतलं आणि खड्डा बुजवला. खुंटी उपटली. तांबड्या बैलाला नाल्यावर नेऊन घासून घासून धुतलं. मग गुरुजींच्या दारात जाऊन त्यांना उठवलं आणि म्हणाला, "हारलो. अंगठा कुठी लावू?"

जायच्या दिवशी त्यानं घरातल्या खुंटीवरची कवड्यांची गोणी काढली आणि बैलावर टाकली. जमनीची पेटी, गोधडी, पुस्तकं, सुखीबाईनं बांधलेल्या भाकरी त्यात भरल्या.

"बा, एसटी दोन घंट्यात नेते," जमनी म्हणाली.

"लदेनी कधी एसटीनं होते का?"

"जाऊ दे त्याले," सुखीबाई म्हणाली, "मुंबईले निघाला होता, यवतमाळपर्यंत तरी पोचू दे." आणि हसली, पदर न घेता. डोंगरसिंगनं गळ्यातला डबा उचलला, "हालू नका" म्हणायला विसरला आणि बटन दाबलं.

बापलेक बैलासोबत पायी निघाले, मधे एका झाडाखाली मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी यवतमाळला पोचले. वसतिगृहाच्या दारात बेबीताई नावाच्या बाई नावं लिहून घेत होत्या. कवड्यांनी मढलेला बैल पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"किती लांबून आलात, बाबा?"

"पयले बावीस मैल होतं, बाई. मंग पस्तीस किलोमीटर झालं," डोंगरसिंग म्हणाला. "मले आठ सालं लागली."

जमनी पेटी घेऊन पायऱ्या चढली. दारात तिनं वळून पाहिलं, बापानं डबा डोळ्यांपुढं धरलेला दिसला, आणि आठ वर्षांच्या सवयीनं ती थांबली, श्वास धरला आणि गुडघे वाकवले.

"नको, पोरी," डोंगरसिंग म्हणाला. "नीट उभी राह्य. आन हाल आता."