एकत्र झालेले मामाजी

अमरावतीच्या राजापेठेत सत्यवतीबाईचं फुलांचं दुकान आहे. समोर हार-गजरे, मागं कॉम्प्युटरचा टेबल. नवरा मळ्यात फुलं पिकवतो. त्याले झाडाशी बोलता येते, माणसाशी नाही. म्हणून बोलणं सारं बाईकडं. पार अकोटापर्यंतच्या लग्नांचे मंडप बाई सजवते. मंगल कार्यालयवाले ईमेल पाठवतात, गावचे लोक सरळ फोन करतात अन् सून करिश्मा दोन्ही कॅलेंडरवर चढवते.

बाईची एक खोड. नंबर कोणाचाही असो, बाई तो नावानं ठेवत नाही, नात्यानं ठेवते. सासरकडचा वडीलधारा दिसला की तो मामाजी. मोठ्या माणसाचं नाव घेणं म्हणजे त्याच्या टोपीले हात घालणं. जे नाव तोंडानं घ्यायचं नाही, ते कॉम्प्युटरवर तरी कायले लिहायचं? असे गंजभर मामाजी जमा झाले होते, एकाच्याही पुढं गाव नाही. पण बाई चुकत नसे. वरून तिसरा अकोटकडचा, त्याच्या खालचा बहिरा, बहिऱ्याच्या खालचा तंबाखूवाला. घरच्या फळीवरचे डबे अंधारात सापडतात तसे तिले मामाजी सापडत.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाला. बटण दाबून एक हार ओवून व्हायचा, तवा कुठं पडदा उजळायचा. शेवटी नवा आणला. करिश्मानं ईमेल, नंबर अन् कॅलेंडर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं, नव्यात चढवलं, एक एक उघडून पाह्यलं.

"आई, जुना चार दिस राहू द्या घरात. सारं नीट आलं का पायतो, मंग देऊ."

"नवी सून आली की जुनीले ठेवत असतात काय वं घरात?"

या घरात जुनी अन् नवी सून दोन्ही करिश्माच होती. जुना कॉम्प्युटर नव्याच्या बदल्यात गेला अन् दुकानदारानं तो बाईसमोरच पुसून कोरा केला.

दुसऱ्या दिवशी करिश्मा मळ्यात गेलेली. नव्या कॉम्प्युटरनं बाईले इचारलं: सारख्या नावाची माणसं सापडली, एकत्र करायची का? बाईले प्रश्न भलताच आवडला. भावकीत भिंती घालणारे तिनं गंज पाह्यले होते, एकत्र करतो म्हणणारा हा पयलाच. "कर बाप्पा," म्हणत तिनं 'हो' दाबलं.

लगनसराईचे दिवस. एक दिवस आड करून बाईनं कॅलेंडर उघडलं. कॅलेंडर जसंच्या तसं आलं होतं: उद्या सकाळी, मामाजीकडे लग्न. मंडप, वरमाला, गाडी. कोणता मामाजी म्हणून पाहायले गेली तर सारे मिळून एकच मामाजी, अन् त्याले केळीच्या घडासारखे नंबर लटकलेले. मागं टोपल्यांत झेंडू अन् शेवंती येऊन पडली होती. उद्या दुपारनंतर त्याचा चिखल. अन् तिकडं नवरा-नवरी बोहल्यावर रिकाम्या हातानं उभे.

करिश्मानं कपाळावर हात मारला, मग पेन ड्राइव्ह लावून मामाजी पुन्हा सुटे केले. बाईनं वरून तिसऱ्याले फोन लावला, तर बहिरा निघाला. नव्या कॉम्प्युटरनं त्याइले आपल्याच क्रमानं बसवलं होतं.

"आता सरळ इचारा न आई, कोण बोलता म्हणून."

"सोयऱ्याले कोण बोलता इचारू? त्यापक्षा दुकानाले कुलूप लावतो!"

मग बाईनं आडून शिकार सुरू केली.

"राम राम मामाजी! झाली का तयारी?"

"कायची तयारी?"

"आपली... वखरणीची."

"वावर इकून तीन वर्सं झाले बाई."

दुसरा नंबर. "मामाजी, घरी पाव्हणे जमले असतीन न?"

"जमले न बाई. काल बुढ्याची माती झाली."

कोणता बुढा, हे इचारायची सोय नाही. "लय चांगला माणूस होता," बाईनं सुस्कारा सोडला. पलीकडचा गहिवरला. "तेरवीची फुलं तुमीच पाठवजा," म्हणाला अन् फोन ठेवला.

"लिही वं करिश्मा, तेरवी."

"कोणाकडं?"

"मामाजीकडं."

करिश्मा टेबलावर डोकं टेकून हसत राह्यली.

असे बरेच फोन झाले. मग एका फोनमागं बायांचा कालवा अन् आचाऱ्याची आरडाओरड ऐकू आली. बाई ताठ झाली.

"बाई, सकाऊन येऊन राहिला न माल?"

"येऊन राहिला न मामाजी! कोण्या रस्त्यानं आणू?"

"नेहमीच्याच."

"मंडप कुठीसा घातला?"

"घरापुढं."

"घर तेच न?"

"तेच नाही तं काय? घर काय म्या खांद्यावर घेऊन फिरतो?"

बाईनं बाजूले बसलेल्या टेम्पोवाल्या ओमप्रकाशच्या हातात फोन कोंबला. "मामाजी, ड्रायव्हर नवा आहे, त्याले जरा रस्ता समजावून सांगा."

"हॅलो भाऊ, कोण्या गावाले आणू?" ओमप्रकाशनं इचारलं.

"ओमप्रकाश न रे तू? माह्या पोराच्या लग्नात मंडपाचा खांब टेम्पोनं पाडला, तो तूच न? तू कवाचा नवा झाला?"

ओमप्रकाशनं निखारा द्यावा तसा फोन परत दिला. असे खांब त्यानं गावोगाव पाडले होते, हा कोणता ते त्याले उमजेना. आता पळायले जागा नव्हती.

"मामाजी," बाई म्हणाली, "कॉम्प्युटर बदलला. नंबर आला, तुमी नाही आले. कोण बोलून राहिले तुमी?"



"इतके वर्सं झाले, अन् कोण?" मामाजी फुगले. मग म्हणाले, "महादेवराव. अकोटच्या अलीकडं, फाट्यावरून डाव्या हाताले. काय लिहून राहिल्या?"

"महादेवराव, अकोट फाटा."

"नुसतं महादेवराव? मामाजी कुठी गेला?"

"हाय न, मामाजी हाय!" बाईनं करिश्माले डोये वटारले. करिश्मानं नावापुढं मामाजी चढवला.

त्याच हिमतीनं बाईनं सुतकातल्या घरीही फोन करून इचारलं. ते बार्शीटाकळीचे शेषराव निघाले, वडील गेलेले. शेषराव रागावले नाहीत, म्हणाले, "मले वाटलंच तुमी ओळखलं नाही, बुढ्याले चांगला म्हणून राहिल्या तवाच."

सकाळी फुलं वेळेवर पोचली. सोबत बाई अन् करिश्माही गेल्या, कारण महादेवरावांची तशी आज्ञाच होती. मंडप सजला, गाडी सजली, वरमाला ताटात ठेवल्या. तेवढ्यात महादेवरावांनी माईक हातात घेतला.

"सर्व पाव्हण्यांले सूचना. अमरावतीच्या फुलवाल्या सत्यवतीबाईचा कॉम्प्युटर बदलला आहे. त्याइच्या ज्या ज्या मामाजीले पुढं लग्न-बारसं काढायचं असन, त्यानं आपलं नाव अन् गाव लिहून द्यावं. मंग फुलं आली नाही म्हणून बोंबलू नये!"

मंडप खदखदून हसला. बाईनं पदर तोंडाले लावला, पण टोप्या अन् फेटे खरंच तिच्या पुढं येऊन उभे राह्यले. करिश्मा मोबाईलवर लिहीत गेली. शेवटी एक अनोळखी म्हातारा आला.

"तुमी कोण?" बाईनं बेधडक इचारलं.

"मी नवरदेवाकडचा. तुमचा मामाजी नाही. पण नातवाचं लग्न काढलं आहे दिवाळीनंतर."

बाईनं त्याले खालवर पाह्यलं अन् सुनेले सांगितलं, "लिही वं. मामाजी. पण नाव-गाव इचारून लिहीजो."