आपांचा फगा

आपा रस्त्याने चालताना समोर बघतच नसत. बहरीनमधल्या गुदैबियाच्या आमच्या गल्लीत गाड्या, सायकली, दुकानांबाहेरचे खोके या सगळ्यांतून त्या खाली मान घालून वाट काढायच्या. नवख्याला वाटे, बाई दुःखात आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पण ती शोधणाऱ्या माणसाची मान होती.

आपा मूळच्या महाडकडच्या. नवरा वारल्यावर इथेच एका टेलरिंगच्या दुकानात अबाये, म्हणजे बायकांचे काळे झगे, शिवत राहिल्या. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या असत. मी साताऱ्याची, लग्न होऊन नुकतीच आलेली, तीन महिन्यांची गरोदर. ओळख दारातल्या हसण्यापुरती.

त्या मार्चमध्ये आम्ही माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या, मित्राकडे अमवाजला जेवायला गेलो. त्यांच्या लॉनवर पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. मला माहेरचा माळ आठवला. निम्म्या मित्राच्या बायकोने ठेवल्या, निम्म्या मी पिशवीत भरून आणल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कांद्यावर परतायला टाकल्या आणि दार वाजलं. वासावरून आपा आल्या होत्या.

"अळंबी कुठनं आणलीस?"

मी सांगितलं. त्यांनी ओट्यावर उरलेली एक छत्री उलटी करून निरखली, गॅस बंद केला आणि अख्खी कढई कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली.

"आमच्याकडे अशीच असते," मी चिडून म्हणाले.

"तुमच्याकडं आसंल. ही इथली हाय. वळख नाय, त्याला हात नाय."

मी रडले. मिलिंदही वैतागला, शेजारीण झाली म्हणून काय झालं! सकाळी त्याला फोन आला. मित्र आणि त्याची बायको रात्रीपासून हॉस्पिटलमध्ये, दोघांना सलाइन. आपल्या वाटची अळंबी त्यांनी रात्री खाल्ली होती.

मी आपांच्या दारात गेले. त्यांनी मला बसवलं, चहा ठेवला आणि पाठमोऱ्या उभ्या राहून सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना रानातून ओचाभर अळंबी घेऊन आल्या होत्या. धाकट्या बहिणीने, जुबेदाने, सगळ्यांत आधी खाल्ली. ती वाचली नाही.

"वाडीनं अळंबी खायची सोडली. मी नाय सोडली. मी शिकली." एका कातकरी बाईच्या मागे त्या चार पावसाळे फिरल्या होत्या.

इथे तसं रान नव्हतं. पण हिवाळ्यात पाऊस झाला, की वसंतात सखीरच्या वाळवंटात जमिनीखाली बटाट्याएवढी अळंबी धरते, तिला फगा म्हणतात, असं दुकानात येणाऱ्या एका बहरिनी आजींनी त्यांना सांगितलं. आपांनी त्या आजींच्या मागे पाण्याचा कॅन उचलून फिरायला सुरुवात केली. पहिले तीन वसंत हाताला काही लागलं नाही. त्या हसून सांगत, "आज मफी, काय नाय गावलं. शुक्रवार काय संपलेत?"

मुलगी झाली, चालायला लागली, तशी मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले. मिलिंद गाडी काढायचा. भल्या सकाळीच निघायचं, कारण ऊन तिरपं असलं तरच जमिनीचा फुगवटा सावली टाकतो. बुटक्या झुडपांच्या आसपास बघायचं, भेग दिसली की चमच्याने वाळू सारायची. घरी आल्यावर फगा सात पाण्यांनी धुवायचा. तरी दाताखाली एखादा कण यायचाच. आपा तो कांदा-खोबऱ्याच्या वाटणात करायच्या. भाकरीबरोबर पहिला घास घेतल्यावर कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

मग त्यांची नजर मंद व्हायला लागली. सुईत दोरा जाईना. दुकानमालकाने व्हिसा वाढवणार नाही म्हणून सांगितलं. मार्चअखेर गावी मुलाकडे परत जायचं ठरलं. त्या वर्षी पाऊसही नावापुरता पडला होता. तरी त्यांनी मला फर्मावलं, "या टायमाला तू शोधायचा. मी नाय सांगणार."

चार शुक्रवार मी वाळू उकरत होते आणि त्या गाडीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर गप्प. चौथ्या शुक्रवारी मी चमचा फेकला. "यंदा नाहीच आहे आपा, खलास!"

"चमचा उचल," एवढंच त्या म्हणाल्या.

पाचव्या शुक्रवारी एका झुडपापाशी केसाएवढी भेग दिसली. मी हाक मारली. मिलिंदचा हात धरून त्या आल्या, गुडघ्यांवर बसल्या. भेग त्यांना दिसत नव्हती. त्यांनी तळवा वाळूवर टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "हाय. काढ." लिंबाएवढा निघाला. त्या दिवशी स्वयंपाक मी केला आणि आपा बसून जेवल्या. चार दिवसांनी त्या गावी परत गेल्या.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण फारसा उपयोग झाला नाही. मुलाकडे नुसत्या बसून असतील, या काळजीने मी परवा फोन केला. मागे पोरींचा कलकलाट चालला होता.

"कोण आलंय आपा?"

"वाडीतल्या पोरी. रानातनं अळंबी घेऊन आल्या की आधी माझ्याकडं यायचं, असं लावून दिलंय. मी चाचपते, हुंगते. एक जरी वंगाळ निघाली तर अख्खी टोपली फेकाय लावते. शिव्या देतात मना."

मी त्यांच्या तब्येतीचं विचारायला लागले, तेवढ्यात तिकडून कोणीतरी हाक मारली. "ठेव गं आता फोन," आपा घाईने म्हणाल्या, "एक पोर नवीन आलीय, तिला काय बी ठावं नाय." आणि फोन बंद झाला.