साइडकारला दार कशाला?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढचं ऐकून तुम्ही मला काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, घरात रोज तेच ऐकतो. सत्तरी उलटलेल्या माणसाने असा गाढवपणा करावा आणि वर स्वतःच्या तोंडाने सांगावा? पण दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावण्यापेक्षा मीच सांगतो. तिखटही माझं, मीठही माझं.

मी भिवंडीतला लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा फिटर. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या दयेवर. पण मशीन मला कळतं. चालत्या लूमसमोर डोळे बांधून उभं करा, कुठला नट ढिला आहे ते सांगेन. माणसं तेवढी कळत नाहीत. ते तुम्हाला दिसेलच.

आमच्याकडे जुना लूम विकत घ्यायला कुणी एकटा जात नाही. सोबत एक जाणता माणूस नेतात. त्याचं काम एकच, मालाला नावं ठेवायची. हे घासलंय, ते वाकलंय, हे कुठल्या मेलेल्या लूमचं काढून लावलंय. ऐकून ऐकून विकणाऱ्याचं तोंड उतरतं, मग भाव उतरतो. माझा नियम तर असा की माल जितका सोन्यासारखा, तितक्या शिव्या जास्त. माझ्या तोंडून शिव्यांचा पाऊस पडला की समजावं, म्हातारा मशीनच्या प्रेमात पडला.

धामणकर नाक्यामागे दिलीपचा बारा लूमचा कारखाना आहे. वीस वर्षं त्याच्या प्रत्येक खरेदीला मी गेलो. आमची खूण ठरलेली. माल आवडला की दिलीप मागून माझा सदरा ओढणार. एकदा ओढला, भाव पाड. परत ओढला, अजून पाड.

तर या दिलीपचा एका शनिवारी फोन आला.

"अण्णा, उद्या सकाळी शेलारला याल का? एक जुनी मोटारसायकल हाय, साइडकारवाली. पार बदलून टाकलेली. तिच्या किंमतीचं बघायचं हाय. तसं म्हंजे काय हाय ना अण्णा, ती गाडी..."

"येतो," म्हटलं आणि फोन ठेवला. फोनवर फार बोललं की माझा कान तापतो. आणि ऐकायचं काय होतं त्यात? दिलीपने बोलावलं म्हणजे दिलीप घेणार. वीस वर्षं दुसरं काही झालं होतं का?

हा फोन मी अर्धा मिनिट आणखी कानाला लावला असता तर हा किस्सा झालाच नसता.

शेलार गावात गेलो. घरापुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडी. बाजूला स्टुलावर बनियन घातलेला एक म्हातारा बसलेला, माझ्याच वयाचा. तोंड असं की जणू सकाळीच कुणी कारल्याचा रस पाजलाय. मी ओळखलं, हा विकणारा. आणि गाडीभोवती फिरत फोनने फोटो काढणारा एक इस्त्रीच्या शर्टातला साहेब, पुण्याचा. तो दिलीपच्या बाजूचा असणार, असं मी ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं.

दिलीप म्हणाला, "साहेब, हे आमचे अण्णा. जुन्या मशीनची किंमत भिवंडीत हे सांगतील ती. यांच्या शब्दापुढं कोण जात न्हाय."

साहेब हात जोडून म्हणाला, "मग मीही तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही, काका."

मला बरं वाटलं. म्हाताऱ्याकडे एक कडक नजर टाकली आणि गाडीकडे वळलो.

आता काय बोलू त्या गाडीबद्दल. पन्नास वर्षांत हजारो मशीनं हाताखालून गेली, पण असा हात पाहिला नव्हता. मूळ गाडी जुनी साडेतीनशे सीसीची. पण कंपनीने दिलेलं तिच्यात थोडंच उरलं होतं. साइडकारचा पूर्ण सांगाडा घरी बनवलेला. वेल्डिंगची रेघ कापडाच्या काठासारखी सरळ, कुठे गाठ नाही, फुगवटा नाही. सीटखाली लूमच्या स्प्रिंगा, आणि त्या दाबून पाहिल्या तर लोणी. साइडकारच्या चाकाला वेगळा ब्रेक, पण पायात पायडल एकच. एक दाबलं की तिन्ही चाकं सारखी धरतात. हे जुळवायला काय लागतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आणि साइडकारला चक्क एक छोटं दार. दाराला मूठ कशाची? लाकडी धोट्याची. लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. अर्धा कापून, घासून, तेल पाजून अशी मूठ केलेली की हात लावला आणि काढावासा वाटेना.

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे आता शिव्या किती द्याव्या लागणार, विचार करा.

"हे काय हाय?" मी सुरुवात केली. "मोटारसायकल हाय का टांगा? साइडकारला दार कशाला?"

म्हाताऱ्याने मान वळवली.

"आणि हा सायलेन्सर. चांगला सरळ असतो तो कापून पार उजवीकडं फिरवलाय. ज्या कंपनीनं गाडी बनवली तिला अक्कल नव्हती काय?"

पुण्याच्या साहेबाने विचारलं, "म्हणजे काका, यामुळे किंमत कमी होते?"

"कमी? अहो, राहतेच कुठं? ह्या स्प्रिंगा बघा. लूमच्या हायत. उद्या कोण बसला तर गाडी चालण्याऐवजी कापड विणायला लागंल."

मागून दिलीपने सदरा ओढला. मी मनात म्हटलं, आवडली वाटतं गड्याला. आवडणारच.

"ब्रेक तर बघूच नका," मी आवाज चढवला. "तीन चाकांना एक पायडल. एका चाकानं ऐकलं न्हाय तर सरळ कामवारी नदीत. ज्यानं केलं त्याला मिस्त्री म्हणायचं का? त्याला हातोडी कुणी दिली?"

सदरा परत ओढला गेला. या वेळी जोरात, वरचं बटण तुटलं.

दिलीपच्या तोंडाकडे मी बघितलं असतं तर कळलं असतं. पण सौदा चालू असताना आपल्या माणसाकडे बघायचं नाही, हाही माझाच नियम.

"बरं, ते सोडा. तुम्ही किती म्हणाल?" साहेबाने विचारलं. "मी दोन लाखांचं मनात धरून आलोय."

आमच्याच बाजूचा माणूस असा आकडा फोडतो? मला त्याचा रागच आला. "दोन लाख?" मी म्हटलं. "साहेब, ही गाडी न्हाय, भंगार हाय. वजनावर घ्या. लोखंडाचा भाव लावा, आणि ती धोट्याची मूठ चुलीत घाला."

म्हातारा स्टुलावरून उठला. खांद्यावरचा पंचा काढला आणि त्या मुठीवरून हळूच फिरवला, माझा हात लागला होता तिथून. मग परत बसला.

तेवढ्यात घरातून चहाचा ट्रे घेऊन एक बाई बाहेर आली. मी बघतच राहिलो. दिलीपची बायको, सुलभा. विकणाऱ्याच्या घरातून दिलीपची बायको चहा कशी आणते?

तिने पहिला कप म्हाताऱ्याला दिला. "आबा, घ्या." मग माझ्यापुढे ट्रे धरला. "अण्णा, तुम्ही पण घ्या. बोलून बोलून घसा सुकला असंल. चुलीपर्यंत सगळं ऐकू आलं."

माझ्या पायाखालची जमीन म्हणजे काय, शेलार गावच सरकलं. तो म्हातारा दिलीपचा सासरा. गाडी त्याची, काम त्याच्या हाताचं. घेणारा पुण्याचा साहेब. आणि मला आणलं होतं गाडी विकायला.

दिलीप कानाशी दात ओठ खात म्हणाला, "अण्णा, सदरा 'बस करा' म्हणून ओढत होतो."

"मग खूण विसरलास का?"

"डोकं ठिकाणावर होतं का माझं? साहेब म्हणत होता, कंपनीचे पार्ट न्हायत, म्हणून अर्धीच किंमत देणार. आमचे सासरे म्हणाले, माझ्या कामाची किंमत कळंल असा एक माणूस आणा, मग तो म्हणंल त्या भावात देतो. म्हणून तुम्हाला आणलं."

ऐकलंत? पैशाचं नव्हतंच त्या माणसाला काही. एका माणसाने हे काम ओळखावं, एवढंच हवं होतं. आणि ओळखणाऱ्याने हातोडी कुणी दिली म्हणून विचारलं.

मी चहा खाली ठेवला. आबांसमोर गेलो. माफी मागणं मला जमत नाही, कधी केलंच नाही. म्हणून साहेबाकडे वळून म्हटलं, "साहेब, मघाचं सगळं पुसून टाका."

"का हो?" साहेब हसू दाबत म्हणाला. "माल कुणाचा ते आत्ता कळलं म्हणून?"

बरोबरच होतं त्याचं. माझ्या शब्दाला आता कवडीची किंमत नव्हती.

तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले. "सायलेन्सर का फिरवला, सांगा."

"साइडकारमध्ये बसणाऱ्याला धूर लागू नये म्हणून."

"दार?"

"बसणाऱ्याचे गुडघे वर उचलत नसणार. कड ओलांडून चढता येत नसंल."

"कडी आतून का?"

मी दार उघडून पाहिलं. कडी आत होती, बसल्या हाताला बरोबर लागेल अशी. "उतरताना कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून."

आबा म्हणाले, "आमच्या हिला संधिवात होता. अकलोलीच्या गरम कुंडात बरं वाटायचं. बारा वर्षं दर गुरुवारी नेली. हाक मारायला तिला आवडायचं न्हाय." पंच्याने नाक पुसलं. "किंमत सांगा आता. खरी."

मी आयुष्यात पहिल्यांदा मालाची खरी किंमत सांगितली. "तीन लाख. एक पैसा कमी न्हाय."

साहेब म्हणाला, "एवढी वाटते तर तुम्हीच घ्या ना काका."

आता आमच्यात एक रीत आहे. भाव सांगणाऱ्याला कुणी 'मग तूच घे' म्हटलं, तर त्याने माल उचलायचा, नाहीतर पुन्हा बाजारात तोंड उघडायचं नाही. अन् तोंड उघडल्याशिवाय मी जगू शकत नाही, हे तुम्ही बघताच आहात.

घेतली. बायको आठ दिवस बोलली नाही, आणि नववा दिवस वाईट गेला. कारण नवव्या दिवशी तिने विचारलं, "चालवणार कोण?"

हो. एक सांगायचं राहिलं. मला मोटारसायकल चालवता येत नाही. साधी सायकलसुद्धा भिंतीला टेकवायला येते, तेवढीच.

मग काय, दर गुरुवारी आबा गाडी चालवतात आणि मी साइडकारमध्ये. माझेही गुडघे आता वर उचलत नाहीत. दाराची किंमत मला आत बसल्यावर कळली. अकलोलीला जातो, कुंडात पाय सोडून बसतो, दोघं न बोलता. झकास चाललं होतं.

गेल्या गुरुवारी परत येताना धामणकर नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो. बाजूच्या गाडीवरचा एक जण डोळे फाडून बघायला लागला. "काका, क्या बात है. बेचोगे क्या?"

याला आवडली तर उद्या दारात येईल, परवा आबांना गाठेल. जिभेची सवय हो. मी पटकन म्हटलं, "अरे, कुछ नहीं है इसमें. भंगार है."

इंजिन बंद झालं. आबांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"उतरा," म्हणाले.

कडी आतून होती. कुणाला हाक मारावी लागली नाही. उतरलो. कागदावर मालक मी, आणि त्या दिवशी शेअर रिक्षात चौथा बसून घरी गेलो, तोही मीच.