उलटे केलेले बिट

सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की धाराशिवच्या आमच्या कॉलेजची पत्र्याखाली तापलेली लॅब आठवते आणि माझे दात आवळले जातात. आमच्या प्रोजेक्टमध्ये आपण शिकवू ते काम करणारी एक चिप होती, आणि कॉम्प्युटरवरच्या लिनक्सने तिला ओळखावं म्हणून लागणारा ड्रायव्हर प्रोग्राम दोन महिने बसून मी लिहिला होता. तोंडी परीक्षेच्या सकाळी पाहिलं, तर फाईलच्या वरच्या ओळीत माझ्याऐवजी गटातल्या मुलाचं नाव होतं. "सरच म्हणले, बोलायचं तुला हाय तर नाव बी तुझंच टाक. तू तर बोलतच न्हाईस की," तो हसत म्हणाला. मी खरंच काही बोलले नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यालाच विचारलं, "चिपला पाठवण्याआधी प्रत्येक बाइटमधल्या बिटांचा क्रम उलटा का केलाय?" त्यानं हळूच मान मागे माझ्याकडे वळवली. ते कोडं सोडवायला मला अकरा दिवस लागले होते. माझं काम नापास होईल या भीतीनं मी त्याच्या मागून पुटपुटले, "ही चिप शेवटचा बिट आधी वाचते." तेच त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं. "शाब्बास!" परीक्षक म्हणाले. मग आमच्या सरांनी माझ्याकडे बोट केलं, "रिपोर्टचं टायपिंग हिचं. नीटनेटकं करते." त्या दोघांचा राग येतोच. पण आजही ऑफिसात सर्किट बोर्डवर वाकलेली असताना तो धूर नाकात गेला की सगळ्यात जास्त राग मला माझ्या त्या पुटपुटण्याचा येतो. तेवढ्याच श्वासात 'हे मी लिहिलंय' एवढंही मावलं असतं.