बर्फाची घरं आणि चारची बस

आमची सूनबाई खेळ बनवते. लोक आपापल्या घरी बसून इंटरनेटवर एकत्र खेळतात, तसले. हे समजायला मला चार वर्षं लागली, तेव्हा सांगताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

हिवाळ्याच्या सुट्टीत सगळे मोकळे असतात, म्हणून तिचा खेळ तेव्हाच जोरात चालतो. त्या दिवसांत त्यांचा नियम कडक: चालू खेळाला हात लावायचा नाही. गडबड झालीच तर एकाने दुरुस्त करायचं, दुसऱ्याने तपासायचं. त्यासाठी सुट्टीभर कुणीतरी एक पाळीवर असतो. या पाळीपायी ती तीन हिवाळे माहेरी गेली नव्हती. यंदा पाळी दुसऱ्याची होती. चारच्या बसचं तिकीट काढलं होतं, आईची शाल बॅगेत वरच ठेवली होती.

आता कबूल करतो. मी तो खेळ चोरून खेळतो, ‘पेन्शनर’ या नावाने. त्यात दर हिवाळ्यात बर्फ पडतो, जो तो बर्फाचं घर बांधतो आणि सुट्टी संपली की सगळं वितळतं. दहा दिवस खपून मी दोन खोल्या आणि एक वाकडं दार उभं केलं होतं. त्या दिवशी दुपारी दोनला बघतो तर पाटी: ‘बर्फ वितळायला तीन तास.’ सुट्टीचे तर अजून दोन दिवस बाकी!

मला त्यातलं काय कळतं, म्हणून गप्प बसलो. पण ती बॅगेची चेन ओढायला लागली तेव्हा राहवेना.

“अगं, बर्फ आजच जाणार का?”

“नाही हो बाबा, परवा.”

मी फोन पुढे केला. पाटी वाचून तिचा चेहरा उतरला. मग वरचं नाव दिसलं. “पेन्शनर तुम्ही? वाकड्या दाराचे?”

“ते राहू दे गं.”

तिने लॅपटॉप उघडून पाहिलं. “तारीख मीच घातली होती. गेल्या वर्षीची उचलली, साल बदललं, दिवस तसाच राहिला. तेव्हा सुट्टी दोन दिवस कमी होती.”

मुलगा म्हणाला, “पाळीवाल्याला कळव आणि चल. बस थांबणार नाही.”

“त्याला चूक सापडेपर्यंतच पाच वाजतील. लाखभर घरं आहेत रे.”

तिने साहेबांना फोन लावला. “चूक माझी आहे. मीच दुरुस्त करते, तपासायला त्याला बसवा.” पुढे ‘पण’ नाही, ‘परंतु’ नाही. मी चाळीस वर्षं कचेरीत काढली. इतकं सरळ वाक्य ना कधी बोललो, ना ऐकलं.

पाळीवाला आपल्या सासुरवाडीच्या गच्चीवर रेंज शोधत होता. “ताई, उन्हात स्क्रीन दिसत नाही, मोठ्याने वाच. आणि घाई नको, घाईनेच झालंय हे!” ती सावकाश एकेक ओळ वाचत राहिली. घड्याळाकडे मीच बघत होतो. चार वाजून गेले. वीस मिनिटांनी पाटी बदलली: ‘दोन दिवस.’

तेवढ्यात तिच्या आईचा फोन. “बसलीस का गाडीत?”

“नाही गं.” तिने सगळं सांगितलं, आपल्या चुकीसकट.

“निस्तरलंस ना?”

“हो.”

“मग उद्या ये. आणि तोंड पाडून येऊ नकोस.”

सकाळी पहिल्या बसला निघताना ती दारात वळली. “बाबा, दोन दिवस मिळालेत. दार तेवढं सरळ करा, लोक हसतात.”

“हसू देत. घर उभं आहे ना!”