बाळाला आंघोळ कोण घालणार

भांडताना माझा गुडघा दुखत नाही, हे मला आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या व्हॉल्व्हमुळे कळलं.

त्याआधी दोन-अडीच वर्षं या उजव्या गुडघ्याने माझ्या नाकी नऊ आणले होते. महिनाभर शहाण्यासारखा वागायचा आणि मग एखाद्या सकाळी असा सुजायचा की पलंगावरून पाय खाली टाकताना तोंडातून "आई गं" निघायचं. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "वयाप्रमाणे थोडी झीज आहे, घाबरण्यासारखं काही नाही, व्यायाम करा." घाबरू नका म्हटलं की मी हमखास घाबरते. मी वाकायचं सोडलं, जमिनीवर बसायचं सोडलं. पूजेला खुर्ची, हळदीकुंकवाला खुर्ची. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये लेकीच्या सासरी गेले तर चपला काढायच्या आत विहीणबाई खुर्ची पुढे सरकवायच्या. माया होती हो त्यात, नाही कशाला म्हणू? पण त्या खुर्चीचा मला संताप यायचा, आणि संताप गिळून मी तिच्यावरच बसायचे.

अशात लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, बदलापूरला आमच्याकडेच. मला आकाश ठेंगणं झालं. बाळाला आंघोळ मीच घालणार, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. पाटावर बसायचं, पाय सरळ लांब करायचे, नडग्यांवर बाळाला आडवं घ्यायचं, हलक्या हाताने तेल चोळायचं आणि कोमट पाणी सोडायचं. लेक झाली तेव्हा हे सगळं माझ्या आईने केलं होतं आणि मी दारात बसून बघितलं होतं. आता माझी पाळी होती.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. बाळाच्या आंघोळीला आणि तिच्या मालिशला तिने एक बाई ठरवली होती. मला विचारलंसुद्धा नव्हतं. "आई, तुला खाली बसवतं का? उद्या तुझा गुडघा सुजला तर मी बाळाकडे बघू की तुझ्याकडे?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. आमचे हे समजूत घालायला आले. म्हणाले, "अगं, बाई चांगली आहे म्हणे."

"मग तिलाच आजी म्हणायला शिकवा," मी म्हटलं. ते गुपचूप बाहेर गेले.

त्याच आठवड्यात मी अंबरनाथ पश्चिमेला फिजिओथेरपी सुरू केली. तिथली डॉक्टर माझ्या लेकीच्याच वयाची. तिने मला खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं आणि नुसती बघत राहिली.

"काकू, तुम्ही बसायच्या आधीच श्वास धरता. दातही आवळता."

"दुखतं म्हणून."

"पण तेव्हा अजून दुखलेलं नसतं."

"म्हणजे मी नाटक करते?" मी भडकलेच.

पोरगी थंड डोक्याची होती. म्हणाली, "दुखणं अगदी खरं आहे तुमचं. पण दुखेल या भीतीने तुम्ही अख्खा पाय आवळून धरता. त्याने ते आणखी दुखतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही आणखी घाबरता."

मला काही ते पटलं नाही. माझा सुजलेला गुडघा आणि म्हणे भीती! व्यायाम मात्र रोज केले, कारण मी हट्टी आहे.

आणि मग तो व्हॉल्व्ह. एका सकाळी आमच्या विंगला पाण्याचा थेंब नाही, शेजारच्या विंगमध्ये मात्र धो धो. सेक्रेटरी म्हणाले, "प्रेशरच नाही काकू, आम्ही काय करणार?" मी त्यांना टाकीपाशी घेऊन गेले, खाली बसले आणि व्हॉल्व्हला हात घातला. अर्धा बंद! "हे बघा तुमचं प्रेशर! कोणी केलं हे?" ते इकडचं तिकडचं सांगायला लागले. मी खालूनच त्यांची अशी खरडपट्टी काढली की वॉचमन तोंड फिरवून हसायला लागला. व्हॉल्व्ह पूर्ण सोडला, पाइपात पाणी खळखळलं, मी पदर खोचला आणि विजयी वीरासारखी जिना चढून घरी आले. दारात पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मी उकिडवी बसले होते. कशालाही न धरता उठले होते.

"अहो! मी खाली बसले होते!"

"पडलीस? कुठे लागलं?" हे धावत आले.

डॉक्टर पोरीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "भांडायला कोणी नसेल तर नुसतं बोलत बोलत बसा काकू. बोलताना श्वास धरता येत नाही." तेव्हापासून मी मोठ्याने बोलत बसायचे आणि बोलत उठायचे. कधी दूधवाल्याचा उद्धार, कधी महागाईचा. ह्यांना वाटलं मला वेड लागलं.

मध्ये एकदा गुडघा पुन्हा सुजला. आधी मी अशा वेळी अंथरूण धरायचे. या वेळी बर्फ लावला, गुडघ्याला म्हटलं, "आलास? बस आता," आणि व्यायाम कमी केले, पण बंद नाही केले. लवकर उतरली सूज. औषधाने उतरली, व्यायामाने उतरली, असेल बाबा. पण मला विचाराल तर आधी माझी भीती उतरली.

लेकीला मुलगी झाली. एका सकाळी नाळ पडली, दुसऱ्या दिवसापासून ती बाई यायची होती. त्याच सकाळी मी कोणाला न विचारता पाणी तापवलं, पाट मांडला आणि बसले. आमचं बाथरूम एवढंसं, पाय लांब केले तर टाचा दाराबाहेर. लेक बाळाला छातीशी धरून उभी. "आई, नको ना गं."

"दे तिला इकडे."

बाळ नडग्यांवर आलं आणि गुडघ्यात कळ उठली. श्वास अडकला. मला कळलं की तो अडकलाय. सोडला. आणि बाळाशी बोलायला लागले, काय वाट्टेल ते. पोरीने आधी टाहो फोडला, मग कोमट पाणी पाठीवर आलं तशी गप्प झाली, डोळे मिटून पडून राहिली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी येऊ दिलं.

"दुखतंय का गं?" लेकीने विचारलं.

"हो, थोडं. तू टॉवेल आण."

बाळ तिच्या हातात दिलं, भिंतीला हात टेकला आणि उठले. उठून साडी पिळत होते तेव्हा आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला. ती फोनवर त्या बाईशी बोलत होती.

"मावशी, उद्या या, पण फक्त माझ्या मालिशला. बाळाच्या आंघोळीला माझी आई आहे."